चित्राची मागची बाजूही दाखवा

राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत घाटकोपरला छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला. या छापखान्यातल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी घरोघरी लागल्या. रविवर्मांचे तैलचित्र विकत घेणे ज्यांच्या आवाक्यात नव्हते, त्यांच्याही भिंतीवर त्यांचे चित्र आले. ते छापील आहे हे विकणारा लपवत नव्हता आणि घेणाराही ते जाणून घेत होता.

आज ऑनलाइन चित्रबाजारात हा सरळपणा हरवत चालला आहे. कॅनव्हासवर यंत्राने प्रत छापायची, तिच्यावर पारदर्शक जेलचे फटकारे मारून रंगाचा उठाव आणायचा आणि ‘हँडमेड’ म्हणून विकायची, असे प्रकार सर्रास चालतात. छापील प्रत विकण्यात काहीच गैर नाही. ती मूळ चित्र म्हणून विकणे ही मात्र फसवणूक आहे, आणि तिची झळ खरेदीदाराइतकीच त्या मूळ चित्रावर महिना घालवणाऱ्या चित्रकारालाही बसते.

म्हणून ऑनलाइन खरेदीकडे पाठ फिरवावी का? अजिबात नाही. १९५२ पासून मुंबईच्या कलाजीवनाचे केंद्र असलेल्या जहांगीर आर्ट गॅलरीत प्रदर्शनासाठी तारीख मिळायला चित्रकारांना वर्षानुवर्षे थांबावे लागते. खासगी गॅलऱ्या विक्रीच्या रकमेतून एक तृतीयांशापासून निम्म्यापर्यंत वाटा घेतात. कोल्हापूर, नाशिक किंवा सावंतवाडीच्या तरुण चित्रकाराला मुंबईत चित्रे नेणे, फ्रेम करणे, राहणे हा खर्चच झेपत नाही. मोबाइलने त्याला थेट गिऱ्हाईक मिळवून दिले. गॅलरीचे काचेचे दार ढकलायला बिचकणाऱ्या मध्यमवर्गीयालाही किंमत विचारणे सोपे झाले.

या वाटेचे बळ २०२० मध्ये दिसले. टाळेबंदीत गॅलऱ्या बंद पडल्या तेव्हा इंग्लंडमधील चित्रकार मॅथ्यू बरोज यांनी ‘आर्टिस्ट सपोर्ट प्लेज’ हा उपक्रम इन्स्टाग्रामवर सुरू केला. चित्रकाराने आपले काम २०० पौंडांपर्यंत विकायचे आणि विक्री १००० पौंडांवर गेली की त्यातले २०० पौंड दुसऱ्या चित्रकाराचे काम घेण्यासाठी खर्च करायचे, एवढाच नियम. मध्ये दलाल नव्हता. बघता बघता तो देशोदेशी पसरला.

आपल्याकडे चित्रांची बातमी होते ती बहुतेक लिलावाच्या आकड्यांमुळेच. वासुदेव गायतोंडे यांचे १९७० मधील एक चित्र सप्टेंबर २०२५ मध्ये सॅफ्रनआर्टच्या लिलावात ६७.०८ कोटी रुपयांना गेले. गायतोंडे २००१ मध्येच निवर्तले होते. अशा बातम्यांमुळे मूळ चित्र म्हणजे कोट्यधीशांचा विषय, असा समज पक्का होतो. प्रत्यक्षात आज काम करणाऱ्या एखाद्या चांगल्या चित्रकाराचे छोटे जलरंगचित्र काही हजारांत मिळते. फ्लॅटच्या सजावटीवर लाखो रुपये खर्च करणारी कुटुंबे तेवढे सहज देऊ शकतात. तरीही भिंतीसाठी तयार प्रिंट घेतली जाते, कारण चित्रकारापर्यंत पोहोचायचे कसे आणि विश्वास कशावर ठेवायचा, हे कोणी सांगितलेले नसते.

विश्वासाचा प्रश्न खराच आहे. २००९ मध्ये सय्यद हैदर रझा दिल्लीतल्या एका गॅलरीत स्वतःच्याच चित्रांच्या प्रदर्शनाला गेले, आणि भिंतीवरची चित्रे आपली नाहीत हे त्यांना सांगावे लागले. नामांकित चित्रकाराच्या हयातीत, राजधानीतल्या गॅलरीत हे घडू शकते, तर पडद्यावर फोटो पाहून पैसे भरणाऱ्याने किती जपायला हवे!

पैठणी घेताना जाणती बाई पदर उलटून पाहते. चित्र घेतानाही तेच करावे. मागच्या बाजूचा फोटो मागवावा. तिथे बहुधा सही, साल, शीर्षक, कधी प्रदर्शनाचे लेबल असते. बाजूने उजेड पाडून काढलेला फोटो मागवावा. रंगाचे उंचवटे आणि चित्रातले फटकारे जुळत नसतील, तर वर जेल फासलेले असण्याची शक्यता मोठी. चित्र घरी आल्यावर भिंगातून पाहावे. यंत्राने छापलेल्या प्रतीत शाईचे बारीक ठिपके दिसतात. चित्रकाराच्या सहीचे प्रमाणपत्र घ्यावे आणि त्यावर माध्यम, माप, साल आणि चित्राचा फोटो असावा. खरा चित्रकार या प्रश्नांनी दुखावत नाही, उलट खुलतो.

दुसरी बाजू चित्रकाराच्या हक्काची. चित्र विकत घेतले म्हणून त्याच्या प्रती छापायचा अधिकार मिळत नाही. लेखी करार नसेल तर तो चित्रकाराकडेच राहतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५३अ नुसार मूळ चित्राची फेरविक्री दहा हजार रुपयांपेक्षा जास्त किमतीला झाली, तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना १० टक्क्यांपर्यंत वाटा मिळू शकतो. ही तरतूद कागदावरच राहिली आहे.

ऑनलाइन विक्रीसाठी २०२० पासून ग्राहक संरक्षणाचे स्वतंत्र नियम आहेत. त्यात चित्रांपुरती एक स्पष्ट अट घालावी: वस्तू मूळ चित्र आहे, मर्यादित प्रतींपैकी एक आहे की साधी प्रिंट, हे किमतीशेजारी लिहिलेच पाहिजे, आणि खोटे लिहिणाऱ्याला दंड झाला पाहिजे. विक्रीची संकेतस्थळे ‘आम्ही फक्त मध्यस्थ’ म्हणून हात झटकतात, तेही थांबायला हवे.

नियम होईल तेव्हा होईल. तोवर वाचकांनी एवढे तरी करावे: घरात पुढचे चित्र लावायचे ठरले, की आपल्या जिल्ह्यातल्या एखाद्या हयात चित्रकाराचे काम शोधावे, त्याच्याशी बोलावे, मागची बाजू पाहावी आणि पैसे थेट त्याच्या हाती द्यावेत.