वृद्धाश्रमांच्या आरोग्यनोंदी जोडायलाच हव्यात



वृद्धाश्रमातल्या ज्येष्ठांच्या नोंदी रुग्णालय, प्रयोगशाळा आणि लसीकरणाच्या नोंदींशी जोडणे म्हणजे त्यांच्या खासगी आयुष्यात ढवळाढवळ, असा आक्षेप वरचेवर ऐकू येतो. मी निवृत्त परिचारिका आहे आणि एका वृद्धाश्रमात मदतीला जाते. आक्षेपामागची काळजी मला कळते. पण नोंदी सुट्या राहिल्याचा भुर्दंड त्याच ज्येष्ठांना पडतो, हे मी रोज पाहते.

आमच्याकडे प्रत्येक आजी-आजोबांच्या नावाची एक प्लॅस्टिकची पिशवी असते. तीत औषधांच्या चिठ्ठ्या, एक्स-रे आणि अक्षरे उडालेले लघवी तपासणीचे कागद. एका खोलीतल्या आजींना लघवीचा जंतुसंसर्ग होऊन सरकारी दवाखान्यात नेतात, शेजारच्या आजोबांना मुलगा खासगी रुग्णालयात घेऊन जातो, तिसऱ्यांना इथेच अँटिबायोटिक सुरू होते. केसपेपरवर पत्ता मुलाच्या घरचा. रुग्ण वृद्धाश्रमातून आला, हे कुठेच लिहिलेले नसते. मग एकाच छताखाली संसर्ग पसरतोय हे कळणार कोणाला?

इंग्लंडने याची जबर किंमत मोजली. १७ मार्च ते १५ एप्रिल २०२० या काळात सुमारे २५ हजार जणांना रुग्णालयांतून केअर होममध्ये पाठवले गेले, त्यातल्या अनेकांची करोना चाचणीही न करता. हे धोरण तिथल्या उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बेकायदा ठरवले. पण त्याच इंग्लंडमध्ये जून २०२० मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या लॉरा शॅलक्रॉस यांच्या नेतृत्वाखाली ‘व्हिवाल्डी’ हा अभ्यास सुरू झाला. ३१० केअर होममधल्या १०,४१२ ज्येष्ठांच्या चाचण्या आणि लसीकरण यांच्या नोंदी जोडल्यावर दिसले की, लशीच्या पहिल्या मात्रेनंतर साधारण चार आठवड्यांनी संसर्गाचा धोका निम्म्याहून कमी होतो. म्हणजे तोवर मास्क आणि वेगळी खोली सोडून चालणार नव्हते.

मला त्याहून मोलाचा वाटतो तो दुसरा निष्कर्ष. पाच हजारांहून अधिक केअर होमच्या व्यवस्थापकांची पाहणी चाचण्यांच्या निकालांशी ताडून बघितली, तेव्हा कर्मचाऱ्यांना आजारपणाची पगारी रजा देणाऱ्या संस्थांत संसर्ग कमी आढळला आणि एजन्सीकडून वारंवार माणसे मागवणाऱ्या संस्थांत जास्त. आमच्या मावशी अंगात ताप असताना कामावर येतात, कारण खाडा झाला की त्या दिवसाचे पैसे कापले जातात. त्याच हातांनी त्या आजींना भरवतात, डायपर बदलतात, लघवीची पिशवी रिकामी करतात. त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. पण हे मी विश्वस्तांना सांगितले की ते एका बाईचे मत ठरते. स्वतःच्या संस्थेचे आकडे समोर आले, तर त्यांना ते असे झटकून टाकता येणार नाहीत.

आपल्याकडे आयुष्मान भारत डिजिटल मिशन २०२१ पासून देशभर सुरू आहे, त्यात प्रत्येकाच्या आरोग्यनोंदींसाठी १४ अंकी आभा क्रमांकही आहे. जिल्हा आरोग्य यंत्रणेने प्रत्येक वृद्धाश्रमाला एक संकेतांक द्यावा आणि तिथे राहणाऱ्यांच्या आभा क्रमांकाला तो जोडावा. नावे वगळूनही एकाच संकेतांकाचे रुग्ण वाढताना दिसले की इशारा मिळेल. इशारा मिळाल्यावर मात्र नोटीस पाठवू नये, आरोग्यसेविका पाठवावी. नाहीतर संस्थाचालक ताप लपवू लागतील.

खासगीपणाबाबतही इंग्लंडचाच दाखला डोळ्यांसमोर ठेवावा. रुग्णांच्या नोंदी एकत्र करण्याची तिथली ‘केअर डॉट डेटा’ योजना लोकांना नीट विश्वासात न घेतल्याने २०१६ मध्ये गुंडाळावी लागली. म्हणून आपल्याकडे प्रत्येक आजी-आजोबांना समोर बसून, त्यांच्या भाषेत समजावून सांगावे. विस्मरणाचा आजार असेल तर नातेवाइकांना विचारावे. कोणी नाही म्हटले, तर त्यापायी आश्रमातली जागा जाता कामा नये. विमा किंवा औषध कंपन्यांना ही माहिती मिळणार नाही, हे शासन निर्णयात स्पष्ट लिहावे. एवढी हमी असेल तर विरोधाला फारसे कारण उरत नाही.

सुरुवात एखाद्या जिल्ह्यापासून करता येईल. आणि आजारी मावशींचा खाडा धरणे संस्थाचालकांनी आजच थांबवावे. त्यासाठी कुठल्याही संगणकाची वाट पाहावी लागत नाही.

— एक निवृत्त परिचारिका, सातारा