लाल थेंबाचा हिशेब

गाडीखालच्या फरशीवर पडलेला तेलाचा डाग हा रोजमेळातील न जुळणाऱ्या रकमेसारखा असतो. ती रक्कम कोठून आली हे शोधल्यावाचून मेळ बसत नाही. अंदाजाने खोडाखोड केली तर मूळ चूक अधिकच दडून बसते.

अमेरिकेत व्यापारानिमित्त स्थायिक झालेल्या एका कुटुंबात वडिलांनी हौसेने जपलेली १९७० सालची शेव्हरोले इम्पाला होती. त्यांच्या पश्चात मुलाने ती हिवाळाभर झाकून ठेवली. वसंतात आच्छादन काढले, तो खाली लाल तेलाचे थारोळे! गॅरेजवाल्याने पाहताक्षणी स्वयंचलित गिअरबॉक्स उतरवून पूर्ण दुरुस्ती करण्याचा सल्ला दिला. खर्चाचा आकडा ऐकून गाडी विकण्याची भाषा घरात सुरू झाली. तेव्हा आई म्हणाली, “अरे, थेंब कुठून पडतो ते पाहिल्याशिवाय तुझे बाबा पाना हातात घेत नसत. आधी ते तर बघ.”

पहिली परीक्षा रंगाची. गिअरबॉक्सच्या तेलात मुद्दाम लाल रंग मिसळलेला असतो. इंजिनचे वापरलेले तेल तपकिरी वा काळे दिसते. त्या काळच्या गाड्यांतील रेडिएटरचे पाणी हिरवट असते. मात्र पॉवर स्टिअरिंगमध्येही पुष्कळदा हेच लाल तेल घातलेले असते. म्हणून त्याचा पंप व नळ्या आधी तपासाव्यात, अन्यथा एकाचे कर्ज दुसऱ्याच्या खाती पडते.

दुसरी पायरी स्वच्छतेची. जुन्या चिकट थरावर नवी गळती ओळखू येत नाही. गिअरबॉक्स खालून धुऊन, कोरडा करून, गाडी थोडी चालवावी आणि पांढऱ्या पुठ्ठ्यावर रात्रभर उभी करावी. तेल खाली ओघळते आणि धावत्या गाडीत वाऱ्याने मागे ढकलले जाते. म्हणून थेंब जेथे पडतो तेथे नव्हे, तर ओलावा जेथे सर्वांत वर आणि सर्वांत पुढे दिसतो तेथे उगम शोधावा.

इंजिन व गिअरबॉक्स यांच्या सांध्यातून लाल तेल येत असेल, तर पुढच्या पंपाच्या सीलचा संशय घ्यावा. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. मधल्या भागात तळाच्या पॅनचे गॅस्केट असते. त्याचे बोल्ट अति आवळले तर पॅनची कड वाकते आणि गळती वाढते. बाजूला गिअरच्या दांड्याचे सील, मागे प्रोपेलर शाफ्टचे सील व स्पीडोमीटर केबलचा सांधा आणि पुढे रेडिएटरकडे जाणाऱ्या नळ्या, ही उरलेली स्थाने होत.

काही गळती डोळ्यांना दिसतही नाही. जनरल मोटर्सने १९६९ च्या गाड्यांपासून आणलेल्या टर्बो हायड्रामॅटिक ३५० या गिअरबॉक्सला इंजिनच्या ओढीवर चालणारा व्हॅक्यूम मॉड्युलेटर असतो. त्यातील पडदा फाटला की तेल इंजिनमध्ये ओढले जाऊन जळते. पातळी घटते, धूर पांढरा येतो, पण खाली डाग नसतो. त्याची रबरी नळी काढून पाहावी. आत लाल तेल आढळले तर निदान झाले. तेल गुलाबी दुधासारखे दिसले, तर रेडिएटरमधील कूलर फुटून त्यात पाणी शिरले आहे असे समजावे.

याच गिअरबॉक्सच्या या इम्पालात खरे कारण निराळेच निघाले. गाडी दीर्घकाळ उभी राहिली की टॉर्क कन्व्हर्टरमधील तेल हळूहळू पॅनमध्ये उतरते. पातळी नेहमीपेक्षा वर चढते आणि एरवी कोरड्या राहणाऱ्या सीलवर तेलाचा भार येतो. गिअरच्या दांड्याचे रबरी सील वाळून कडक झाले होते. तेल तेथूनच झिरपत होते. पॅन काढून ते सील बदलले, पॅनचे गॅस्केटही नवे घातले. गिअरबॉक्स उतरवावा लागला नाही. पुढे पातळी सपाट जागी, तेल तापलेले असताना, इंजिन चालू ठेवून आणि गिअर पार्कमध्ये टाकून मोजली. तेल जास्त भरले तर फेसाळून श्वासनळीतून बाहेर येते आणि नव्या गळतीचा भास होतो.

गळतीकडे दुर्लक्ष करणेही परवडत नाही. तेल कमी पडले की आतील क्लच प्लेट जळतात; तप्त सायलेन्सरवर ते ठिबकले तर आग लागण्याचा धोका असतो. तपासणी करताना केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नये. भक्कम स्टँड लावावेत. काढलेले तेल गटारात न ओतता संकलनासाठी द्यावे.

गाडी विकली गेली नाही. तिच्याखाली पांढरा पुठ्ठा अजून अंथरलेला असतो. रोज सकाळी तो पाहून कामाला निघणे, हाच आता त्या घरचा रोजमेळ झाला आहे.