दान मोठें कीं दाम खरा?

बीड जिल्ह्यांतील पाटोदा, शिरूर, धारूर, वडवणी या भागांतील हजारों कुटुंबें दसरा-दिवाळीच्या सुमारास घरास कुलूप लावून पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत ऊसतोडीस जातात. निघण्यापूर्वींच मुकादमाची उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, आणि एक दिवस अंग टाकलें तर ‘खाडा’ म्हणून दंड कापला जातो. २०१९ सालीं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील सरकारी समितीपुढें आलेल्या पाहणींत या जिल्ह्यांतील सुमारें ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकीं १३ हजारांहून अधिक स्त्रियांचें गर्भाशय काढलेलें आढळलें. कारणें अनेक असतील. परंतु दुखणें परवडत नाहीं ही धास्ती त्यांत नाहीं, असें कोण म्हणेल?

धन मिळविणें हें पाप, असें आमचें म्हणणें नाहीं. देहूचे तुकोबा महाजनाच्याच घरांतले. त्यांनीं आपल्या वांट्याचीं कर्जखतें इंद्रायणींत बुडविलीं व धाकट्या भावाच्या वांट्याचीं त्याच्या स्वाधीन केलीं, असें वारकरी परंपरा सांगते. त्यांत व्यापाराचा निषेध नव्हे. दुसऱ्याच्या विपत्तीवर चढलेल्या हक्काचा त्याग आहे, आणि त्याचा आरंभ स्वतःच्या वहीपासून आहे. इस्लामांतहि व्याज निषिद्ध असून मजुराचा दाम विलंब न लावतां देण्याची आज्ञा आहे.

करार राजीखुशीचा आहे, असें उत्तर मिळतें. परंतु १८७२ चा करार-कायदासुद्धां अनुचित दडपणानें मिळविलेली संमति निर्दोष मानीत नाहीं. आणि १९७६ च्या कायद्यानें कर्जापोटीं मजुरास बांधून ठेवणें हा गुन्हा ठरविला आहे. उचल घेऊन पळणारेहि आहेत व त्यापायीं मुकादम बुडतो, हें आम्ही नाकारीत नाहीं. त्यावर उपाय चोख लेखी हिशेब हा होय, माणसें अडकवून ठेवणें नव्हे.

व्यापारी बंधूंनो, आपल्या दुकानांतील साखरेच्या पोत्यामागें हाच कोयता आहे. परळीच्या वैजनाथास अभिषेक करा, सप्त्यास पंगत द्या. पण कापलेल्या खाड्याचें पाप पंगतीनें फिटत नाहीं. उचलीचा लेखी हिशेब जोडप्याच्या हातीं असावा, आजारपणाचा खाडा कापूं नये, आणि बाईची मजुरी बाईच्या नांवें जमा व्हावी, एवढें आपल्या वजनानें कारखानदारांकडून करवून घ्या. कळस त्यानंतर चढवावा.