आशांचा आढावा घेणाऱ्यांनो, आधी स्वतःचा द्या

तालुक्याला आशांची, म्हणजे गावोगावच्या आरोग्य स्वयंसेविकांची, मासिक आढावा बैठक ज्या पद्धतीने घेतली जाते, ती पद्धत बंद झाली पाहिजे. मी आशांना प्रशिक्षण देते, त्यामुळे अशा बैठकांना मी वर्षानुवर्षं बसत आले आहे. टेबलामागे खुर्च्यांवर साहेब, समोर सतरंजीवर बायका. ज्या गावात लसीकरण मागे पडलं किंवा घरी बाळंतपण झालं, त्या गावच्या आशाला उभं करतात. "तुझं काम का झालं नाही?" चाळिशी ओलांडलेल्या बाईला भर सभेत एकेरीत. ती बोलू लागली की "कारणं सांगू नको" असं म्हणून खाली बसवतात. या वाक्याची मला मनापासून चीड आहे. काम का अडलं हे खरोखर समजून घ्यायचं असेल, तर तिचीच कारणं ऐकावी लागतील. त्या खोलीत ती दुसऱ्या कुणालाच ठाऊक नसतात.

कारणं काय असतात ते मी सांगते. उपकेंद्राला कुलूप असतं, कारण नर्सताईंची जागा रिक्त आहे किंवा एकाच नर्सताईंकडे दोन उपकेंद्रं आहेत. आशाच्या पेटीतल्या पॅरासिटामॉलच्या, लोहाच्या गोळ्या आणि ओआरएसची पाकिटं संपलेली असतात आणि मागणी दिली की "वरूनच आलं नाही" हे उत्तर ठरलेलं. रात्री कळा सुरू झालेल्या बाईसाठी १०२ला फोन लावला की गाडी दुसरीकडे गेलेली असते. गडचिरोलीतल्या भामरागडला पर्लकोटा नदीचा पूल पाण्याखाली गेला की पलीकडच्या गावांचा संपर्क तुटतो. त्या दिवसांत तिथल्या आशाने कुणाला कुठे न्यायचं? नंदुरबारमधल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून बाईला झोळीत घालून खाली आणावं लागतं. यातली एकही गोष्ट आशाच्या हातात नाही. सगळ्या टेबलामागे बसलेल्यांच्या आणि त्यांच्यावरच्यांच्या हातात आहेत. तरीही कामगिरी मोजली जाते ती सतरंजीवरच्या बाईची.

आता पैशांचं बोलू. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं तेव्हा साधारण हजार लोकवस्तीमागे एक आशा ठरली. तिला पगार नाही, कामागणिक मोबदला. कागदावर ती स्वयंसेविका, प्रत्यक्षात आरोग्य खात्याचं गावातलं प्रत्येक काम तिच्या दारात. ठरावीक नेहमीच्या कामांसाठी केंद्राने २०१८ साली महिना २००० रुपये केले आणि ते तिथेच ठेवले. ३५०० करण्याचा निर्णय व्हायला २०२५ उजाडलं.

गृहभेटींचा हिशेब तर प्रत्येक वाचकाने नीट वाचावा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी घरच्या काळजीने नवजात बाळं वाचतात हे सिद्ध केलं, त्याच्या आधारावर २०११ साली नवजात बाळांच्या घरच्या काळजीचा कार्यक्रम देशभर आला. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला आशाने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेटायचं. वजन करायचं, ताप मोजायचा, नाळ पाहायची, बाळ नीट ओढतंय का ते पाहायचं, आईचा रक्तस्राव विचारायचा. या सहा भेटींचे मिळून २५० रुपये. म्हणजे एका भेटीचे जेमतेम ४२. दहा वर्षं उलटली तरी आकडा तोच राहिला. आणि हे पैसे मिळायच्या अटींमध्ये वजनाची नोंद, जन्मनोंदणी आणि लशींच्या जोडीला आणखी एक अट घातली गेली: बेचाळिसाव्या दिवशी आई आणि बाळ दोघंही सुखरूप असले पाहिजेत.

ही अट ज्यांनी लिहिली त्यांना माझा थेट सवाल आहे. कमी वजनाचं बाळ, पहिल्या पाचही भेटी वेळेवर झाल्या, धोक्याची लक्षणं ओळखून आशाने बाळाला दवाखान्यात पोचवलं, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी नेताना ते वाटेत गेलं, तर त्या पाच भेटी झाल्याच नाहीत का? सगळ्यात जास्त कष्ट ज्या घरी पडले, तिथेच मोबदला बुडण्याची सोय नियमातच केलेली. असल्या अटीने काम सुधारत नाही. अवघड घरांची आशाला भीती वाटू लागते एवढंच होतं. बाळ गमावलेल्या आईकडे आशाने पुन्हा जाऊन बसावं, हे काम तर कुठल्याच तक्त्यात नाही.

कामागणिक मोबदल्याचा खरा घात हाच आहे. ज्याला दर आहे ते काम होतं, ज्याला दर नाही ते तिच्या चांगुलपणावर सोडलेलं असतं. बिगरसंसर्गजन्य आजारांच्या एका अर्जाला १० रुपये. त्यात तंबाखू, दारू, कमरेचा घेर, घराण्यातले आजार सगळं विचारायचं. पण सासूच्या धाकाने लोहाच्या गोळ्या न घेणाऱ्या सुनेला चार वेळा समजावण्याला दर नाही. नवऱ्याच्या मारहाणीने सुजलेला चेहरा पाहून तिथेच थांबण्याला दर नाही. त्यावर सर्वेक्षणं, आयुष्मान कार्डं, मोबाइलवरच्या नोंदी, कुठली कुठली ॲप, आणि कित्येकजणींचा रिचार्ज स्वतःच्या पदरचा. मग टेबलामागची तीच माणसं विचारतात की आशा गावात वेळ का देत नाहीत!

काही आशा घरी बसून रजिस्टर भरतात हे खरं आहे. मी ते पाहिलेलं आहे. काही जणी सरपंचाच्या नात्यातल्या म्हणून निवडल्या गेल्या, आणि गावातल्या दलित वस्तीत त्या पाऊल टाकत नाहीत हेही खरं. उलटही घडतं: आशा दलित असेल तर काही घरं तिला उंबऱ्याबाहेरच उभी करतात, आणि तिच्या गृहभेटी कमी भरल्या म्हणून बोलणी तीच खाते. पण निवड ग्रामसभेत मोकळेपणाने झाली का, हे कुणी तपासलं? खोट्या नोंदींची सवय कुणी लावली? महिनाअखेरीला "आकडा भरून दे" हा फोन वरूनच येतो.

पाठबळ मिळालं की काय होतं ते जामखेडला दिसलं, हे महाराष्ट्राने तरी विसरू नये. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तिथे काम सुरू केलं आणि गावोगावच्या, पुष्कळशा निरक्षर, अनेक दलित बायकांना आरोग्यसेविका केलं. त्यांच्यामागे नियमित शिक्षण होतं, गावात येणारं पथक होतं, पाठवलेल्या रुग्णाला दाखल करून घेणारा दवाखाना होता आणि त्यांचं बोलणं ऐकून घेणारे डॉक्टर होते. गडचिरोलीत बंगांच्या आरोग्यदूतांच्या हाती तर जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला जेंटामायसिनचं इंजेक्शन देण्याचीही जबाबदारी विश्वासाने सोपवली होती, आणि त्यांचं काम पाहायला, चुका दुरुस्त करायला पर्यवेक्षक गावात जात. तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचा निबंध १९९९ साली 'लॅन्सेट'ने छापला. सरकारने या दोन्ही ठिकाणांहून गावातली बाई तेवढी उचलली. तिच्यामागची माणसं, औषधं आणि विश्वास तिथेच सोडून दिला.

हे काही पहिल्यांदाच घडलेलं नाही. २ ऑक्टोबर १९७७ला जनता सरकारने गावोगाव आरोग्य कार्यकर्ते नेमण्याची योजना आणली. तीन महिन्यांचं प्रशिक्षण, महिना ५० रुपये. नावं बदलली, जबाबदाऱ्या वाढल्या, मानधन तिथेच राहिलं आणि शेवटी योजना मेली. ठपका मात्र त्या कार्यकर्त्यांवर ठेवला गेला.

आशा अजून उभ्या आहेत ते त्यांच्या स्वतःच्या बळावर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाप्रमाणे महाराष्ट्रात २००५-०६मध्ये शंभरातली सुमारे ६५ बाळंतपणं दवाखान्यात होत होती, २०१९-२१मध्ये ती ९५च्या घरात गेली. रस्ते आणि रुग्णवाहिका वाढल्या हे मान्य, पण अडलेल्या बाईला रात्री रिक्षात घालून सोबत बसणारी आशाच होती. कोरोनात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत थर्मामीटर आणि ऑक्सिमीटर घेऊन दारोदार कोण फिरलं, हे प्रत्येक गावाला माहीत आहे. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दहा लाखांहून जास्त आशांचा गौरव केला, तेव्हा अभिनंदन करणाऱ्यांची रांग लागली. पुढच्याच वर्षी महाराष्ट्रातल्या आशांना संपावर जावं लागलं. नोव्हेंबर २०२३मध्ये ७००० रुपयांच्या वाढीचं आश्वासन मिळालं आणि संप मिटला. शासन निर्णय निघेना, म्हणून जानेवारी २०२४मध्ये पुन्हा संप, मग आझाद मैदानात ठिय्या. लेकरं घरी ठेवून बायका उघड्यावर बसल्या, तेव्हा मार्चमध्ये ५००० मंजूर झाले. दिलेला शब्द २००० रुपयांनी कापला गेला, आणि तेवढ्यासाठीसुद्धा त्यांना रस्त्यावर बसवलं.

४५व्या भारतीय श्रम परिषदेने २०१३ सालीच शिफारस केली होती की योजनांमध्ये राबणाऱ्या या बायकांना कामगार माना, किमान वेतन द्या, सामाजिक सुरक्षा द्या. त्या परिषदेत सरकार होतं, मालक होते, कामगार संघटना होत्या. ती शिफारस अमलात आणा. बेचाळिसाव्या दिवसाची अट जिथे लागू असेल तिथून काढा आणि झालेल्या प्रत्येक भेटीचे पैसे त्याच महिन्यात द्या.

आणि तालुक्यातल्या साहेबांना माझं सांगणं आहे: पुढच्या बैठकीत कुठल्याही आशाला उभं करण्याआधी आपल्या केंद्रातल्या रिक्त जागा, पेटीतून संपलेली औषधं, न आलेल्या गाड्या आणि थकलेला मोबदला वाचून दाखवा. बायकांना खुर्च्या द्या, त्यांना "ताई" म्हणा, आणि त्या कारणं सांगू लागल्या की वही उघडून लिहून घ्या.