एकटे जाऊ नये म्हणे!

दिवाळी आली की आमच्या आळीतल्या अंगणाअंगणांतून किल्ले उभे राहतात. दगडविटांचा सांगाडा, त्यावर गोणपाट, गोणपाटावर चिखलाचा लेप, उतारावर पेरलेले अळीव, बुरुजाबुरुजावर मातीचे मावळे आणि सगळ्यांत वर सिंहासनावर महाराज. एरवी घरात काडी इकडची तिकडे न करणारे बापलोकही चकलीचा तुकडा दातांत धरून या चिखलात कोपरापर्यंत हात घालतात. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत बसवले, त्यांतले अकरा आपल्या महाराष्ट्रातले, तेव्हा याच मंडळींनी एकमेकांना पेढे भरवले. ठीकच केले. पण याच घरातली नोकरीला लागलेली, स्वतःच्या पायांवर उभी असलेली मुलगी मार्गशीर्षातल्या एखाद्या संध्याकाळी म्हणाली, ‘‘आई, उद्या मी राजगडावर जाऊन येते. एकटीच,’’ की घरात जणू कुणी पेटती पणती लवंडली! आई पदराने डोळे पुसते, बाप वर्तमानपत्र खाली ठेवतो, आणि शेजारचे काका न बोलावता येऊन सांगतात, ‘‘डोंगरात एकट्यादुकट्याने जायचे नसते, बाळ!’’

हे ‘नसते’ कुणी ठरवले, हा माझा प्रश्न आहे.

मी खेड्याच्या शाळेतला मास्तर. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. त्या कितीजण वाचतात तो विषय आज नको. पण गेली वीस वर्षे दर हिवाळ्यात मी सह्याद्रीत एकटा चालतो आहे, आणि या वीस वर्षांत ‘डोंगरात एकटे जाऊ नये’ हे वाक्य जितक्यांच्या तोंडून ऐकले त्यांतला एकही डोंगरात राहणारा नव्हता. डोंगरात राहणारा माणूस रोज एकटाच असतो हो! राजगडावर रविवारी ताक विकायला येणारी मावशी गडगा डोक्यावर घेऊन पहाटे एकटी चढते आणि उन्हे कलली की एकटी उतरते. धनगराचा दहा वर्षांचा पोर शेरडांमागे दिवसभर कड्याच्या काठाने हिंडतो. ठाकर, कातकरी, महादेव कोळी यांच्या बाया मोळीसाठी ज्या रानात जातात तिथे आमच्या पुणेरी वीरांना पाच जणांशिवाय पाऊल टाकवत नाही. एके काळी टपाल नेणारे हरकारे घंटा लावलेली काठी खांद्यावर टाकून घाटच्या घाट एकटे तुडवीत. त्यांना कुणी ‘साहसी’ म्हटले नाही, की ‘बेजबाबदार’ म्हणून दटावलेही नाही. म्हणजे गोष्ट अशी, की पोटासाठी एकटे गेले तर ते काम, आणि मनासाठी एकटे गेले तर तो आचरटपणा!

हे सगळे सुचायला एक कारण घडले. माझ्या ओळखीच्या एका शाळेतल्या बाई पौष महिन्यातल्या एका रविवारी एकट्या तोरण्यावर जाऊन आल्या. सकाळी वेल्ह्यातून निघाल्या, दुपारी झुंजार माचीवर भाकरी खाल्ली, दिवसाउजेडी खाली उतरल्या, आणि सोमवारी वेळेवर हजेरीपट उघडून बसल्या. कुठे खरचटले नाही, की कुणाला शोधायला जावे लागले नाही. तरी शिक्षकांच्या खोलीत आठवडाभर कुजबुज. शेवटी संस्थेने त्यांच्याकडे लेखी खुलासा मागितला, की आपल्या वर्तनाने विद्यार्थिनींपुढे कोणता आदर्श राहतो?

कोणता आदर्श? त्याच शाळेत दरवर्षी स्नेहसंमेलनात हिरकणीचा प्रवेश बसवतात. कोजागरीच्या रात्री रायगडाचे दरवाजे मिटलेले, खाली घरी तान्हे बाळ, आणि ती गवळण उभा कडा एकटी उतरते. गोष्ट दंतकथेची असेल, पण बुरुजाला नाव तिचे आहे, आणि महाराजांनी तिला खुलासा मागितला नाही, लुगडे-चोळी देऊन गौरविले, असेच आपण मुलांना सांगतो. पडदा पडल्यावर टाळ्या वाजवायच्या आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या सहकारिणीला नोटीस धाडायची! बरे, एखादे मास्तर असे एकटे गेले असते तर? मी वीस वर्षे जातो आहे. मला आजवर कुणी आदर्शाबद्दल विचारलेले नाही. तेव्हा भीती डोंगराची आहे असे निदान माझ्यापुढे तरी कुणी म्हणू नये. भीती आहे ती बाईमाणूस दिवसभर कुणाला न विचारता कुठेतरी असण्याची.

आता विरुद्ध पक्षाचे म्हणणे ऐकू. त्यांतले शहाणे लोक परदेशाचे दाखले देतात. ‘तिकडे बघा, हिवाळ्यात एकट्याने डोंगरात जाऊ नये असा शास्त्रशुद्ध नियमच आहे!’ खरे आहे. पण तिकडचा हिवाळा म्हणजे काय, हे एकदा पाहावे. तिकडे वाटेवर कमरेइतके बर्फ साचते. चालायचे तर पायाला टेनिसच्या रॅकेटीसारखी रुंद चौकट बांधावी लागते, म्हणजे अंगाचा भार पसरतो आणि पाय रुतत नाही. ही युक्ती उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची. ॲश झाडाच्या लाकडाची चौकट आणि तीत कातडी वाद्यांची वीण. अशा मुलखात पाय मुरगळून बसावे लागले तर थंडीच जीव घेते. वरून हिमलोट आला तर गाडलेल्याला पहिल्या पंधराएक मिनिटांत उकरून काढले तरच मोठी आशा. तेव्हा फावडे घेतलेला सोबती हवाच. जपानचा नाओमी उएमुरा हा केवढा कसलेला एकांडा! बर्फातल्या भेगेत पडू नये म्हणून अंगाला लांब बांबू आडवे बांधून हा गृहस्थ अलास्कातल्या ६१९० मीटर उंचीच्या देनालीवर भर हिवाळ्यात एकटा चढला. १२ फेब्रुवारी १९८४ रोजी, आपल्या त्रेचाळिसाव्या वाढदिवशी, त्याने माथा गाठला. उतरताना तो नाहीसा झाला, तो झालाच. त्याच्यापुढे मी हात जोडतो. पण देनालीचा नियम उचलून कळसूबाईच्या शिडीला टांगायचा, हे कुठले शास्त्र?

कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्रात याहून उंच शिखर नाही. सगळ्यांत उंच किल्ला साल्हेर, तो १५६७ मीटर. आणि हिवाळा हा तर सह्याद्रीचा दयाळू ऋतू. वैशाखात कातळ भाजतो, श्रावणात वाट शेवाळाने निसरडी होते आणि धुक्यात हात पसरला तर बोटे दिसत नाहीत. पण मार्गशीर्ष-पौषात हवा कशी धुतल्यासारखी असते. गवत पिवळे पडून बसलेले, त्यामुळे पायवाट लांबवरून रेघेसारखी उठून दिसते. खडकात कोरलेल्या टाक्यांत पाणी असते. सकाळी खालच्या खोऱ्यात धुके दुधासारखे साचलेले, आणि वर उन्हात आपण. वाळल्या गवतावर आणि मुरमाच्या घसाऱ्यावर पाय सरकतो, एवढे मात्र खरे. पण तो सोबत पन्नास माणसे असली तरी सरकतोच.

नव्हे, पन्नास असली तर अधिक सरकतो. शुक्रवारी रात्री मुंबई-पुण्याहून बसगाड्या भरून निघणाऱ्या जथ्यांबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. पहाटे तीन वाजता पायथ्याच्या गावात हे लोक उतरतात, सगळ्या गावाची कुत्री उठवतात आणि कपाळावर दिवे बांधून घोषणा देत चढू लागतात. पुढारी सर्वांत पुढे. मागच्याला तो दिसतही नाही, पण तो वाट जाणतो या भरवशावर कुणीच वाट पाहत नाही. हरिहरच्या कातळात कोरलेल्या पायऱ्या पाहा. एका वेळी एकाने खोबणीत बोटे रोवून चढावे असा तो जिना. त्यावर चढणारे आणि उतरणारे समोरासमोर अडकून तासतास लोंबकळतात, कारण मध्येच कुणाला तरी फोटो काढायचा असतो. वरच्याच्या बुटाखालून सुटलेला दगड खालच्याच्या डोक्यात बसतो. एकाने बिडी शिलगावली किंवा अत्तर फवारले आणि कड्यावरचे आग्या मोहोळ उठले, तर निरपराध असे चाळीस जण सुजतात. एकट्याच्या डोक्यावर दगड ढकलायला कुणी नसते, हा एकटेपणाचा अगदी व्यवहारी फायदा कुणी जमेलाच धरत नाही. आणि मागे राहतात त्या प्लॅस्टिकच्या बाटल्या. मला आजवर ज्या ज्या टाक्यात बाटल्या तरंगताना दिसल्या, त्या जथ्याच्या वाटेवरच्या होत्या.

पण धोका हा काही माझ्या बोलण्याचा गाभा नव्हे. शाळेत रोज साठ मुले माझ्यासमोर बसतात. सकाळी शिकवणी, मग शाळा, मग पुन्हा शिकवणी, आणि उरलेला वेळ हातातल्या मोबाइलमध्ये सगळे जग गोळा झालेले. या मुलांना दिवसातून एक घटका तरी कुणाच्याही नजरेबाहेर मिळते का? वर्गात मी एकदा सांगितले, की उद्या ओढ्यापर्यंत एकट्याने जाऊन या आणि जे दिसेल ते लिहा. निम्म्या मुलांनी लिहिले, ‘काही दिसले नाही’. ती मुले खोटे बोलत नव्हती. पाहायला कुणीतरी ‘ते बघ’ म्हणावे लागते, अशी त्यांना सवय झालेली. डोंगरात एकटा गेलेला माणूस पहिला तासभर असाच आंधळा असतो. मग हळूहळू पावलांचा आवाज ऐकू येतो, मग श्वासाचा, मग दरीतल्या गायीच्या गळ्यातल्या घंटेचा. वाळल्या कारवीतून सरसरत गेले ते सरडा की फुरसे, हे पाहण्यासाठी डोळे आपोआप थांबतात. जथ्यात हे होत नाही, कारण जथ्यात माणूस डोंगराशी बोलत नाही, माणसांशीच बोलतो. ते तो चहाच्या टपरीवरही करू शकला असता.

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पावसाळा सरता सरता, पाठीशी ऊन आणि समोर दरीत धुके असे जमून आले, तर इंद्रवज्र दिसते. धुक्यावर आपली सावली पडते आणि तिच्या डोक्याभोवती सप्तरंगी कडे. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात ते पाहून लिहून ठेवले. त्याची गंमत अशी, की कड्यावर शंभर माणसे उभी असली तरी प्रत्येकाला कडे दिसते ते स्वतःच्याच सावलीच्या डोक्याभोवती. शेजाऱ्याचे त्याला दिसत नाही, याचे शेजाऱ्याला दिसत नाही.

एक आक्षेप मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. एकटा हरवला तर त्याला शोधायला कोण जाते? गावोगावचे गिर्यारोहक तरुण, पदरची नोकरी सोडून, रात्रीअपरात्री दोर आणि झोळी घेऊन, एका पैशाची अपेक्षा न ठेवता. त्यांच्या जिवावर उदार होण्याचा अधिकार कुणाला नाही. म्हणूनच एकट्याचे नियम जथ्याच्या नियमांहून कडक असले पाहिजेत. दोरावाचून जमणार नाही अशा कड्याला एकट्याने हात लावू नये. पावसात एकट्याने ओढा ओलांडू नये. पौषात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि आपल्याकडे संधिप्रकाश रेंगाळत नाही, हे ध्यानात धरून दुपारी दोनला, माथा आलेला असो वा नसो, पाठ फिरवावी. आणि वाट चुकली तर शेवटच्या ओळखीच्या खुणेपर्यंत मागे यावे. ओढ्याच्या कोरड्या पात्राने खाली उतरू नये. हा सगळा डोंगर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर थर रचून झालेला. त्या खडकाला भूशास्त्रज्ञ ‘ट्रॅप’ म्हणतात, तो शब्द स्वीडिश भाषेतल्या जिन्यावरून आला. या जिन्याची एकेक पायरी शे-दोनशे फुटांची असते. पावसाळ्यात जिथून धबधबा कोसळतो तिथेच हिवाळ्यात ते कोरडे पात्र अचानक संपते. खाली गाव दिसते म्हणून चुकलेला माणूस नेमका त्यातून उतरतो, आणि मग त्याला ना खाली जाता येत ना वर. हे शाळेत शिकवा, भूगोलाच्या तासाला. ‘जाऊ नये’ असे फळ्यावर लिहिण्यापेक्षा ते अधिक मुलांचे प्राण वाचवील.

आणि शेवटचा नियम, तो मला गुंजवण्यातल्या एका मामांनी शिकवला. पायथ्याच्या गावात गेलात की नुसते ‘वर जाऊन येतो’ असे सांगू नका. ते कुणी लक्षात ठेवत नाही. एखाद्या घरी जाऊन भाकरी सांगून ठेवा. कोणत्या वाटेने जाणार, कोणत्या वाटेने उतरणार आणि किती वाजता जेवायला बसणार, ते सांगा. चार पैसे आगाऊ द्या. मग बघा, पाच वाजले आणि तुम्ही आला नाहीत, की तुमच्या आईच्या आधी ती मावशी अंगणात येऊन डोंगराकडे बघू लागते, कारण तवा चुलीवर चढवायचा की नाही हा तिच्यापुढे प्रश्न असतो. आणि सहा वाजता तिचा थोरला बॅटरी घेऊन वाटेला लागलेला असतो.