पदवीनंतरची दोन वर्षे

गेल्या काही वर्षांत मुलींच्या शिक्षणाविषयी आपल्याकडील पालकांचा दृष्टिकोन पुष्कळच पालटला आहे, हे मान्य केले पाहिजे. दहावीनंतर मुलीने घरी बसावे, असे उघडपणे म्हणणारा पालक आता क्वचितच भेटतो. मुलगी विज्ञान शाखेला जाते, अभियांत्रिकीला प्रवेश मिळविते, प्रसंगी स्थापत्यासारखी शाखाही निवडते, आणि घरची मंडळी कौतुकाने पेढे वाटतात. परंतु चार वर्षांनी पदवी हाती पडल्यावर तीच मुलगी जेव्हा म्हणते, "मला आणखी दोन वर्षे शिकायचे आहे," तेव्हा त्याच घरात एकदम शांतता पसरते. मुलग्याने असे म्हटले तर ती महत्त्वाकांक्षा ठरते; मुलीने म्हटले तर तो हट्ट. या शांततेविषयीच मला येथे चार शब्द लिहावयाचे आहेत.

मागील वर्षी एका माजी विद्यार्थिनीचे वडील माझ्याकडे आले होते. मुलगी स्थापत्य अभियांत्रिकीची पदवीधर, पदव्युत्तर प्रवेशासाठी घेतली जाणारी 'गेट' परीक्षा उत्तीर्ण झालेली, आणि गोव्याबाहेरील एका संस्थेत जाण्यास उत्सुक. "टीचर, तुमीच तिका सांगात. शिकलें तितलें पुरो," असे ते आपल्या कोंकणीत म्हणाले. गृहस्थ दुष्ट नव्हते. लहानशा बागायतीच्या उत्पन्नावर त्यांनी चार वर्षांचा खर्च भागविला होता. त्यांचे म्हणणे तीन प्रकारचे होते : वय वाढते, अधिक शिकलेल्या मुलीला अधिक शिकलेले स्थळ शोधावे लागते, आणि शेवटी बाईमाणूस काही बांधकामावर उभे राहणार नाही, मग एवढे शिकून उपयोग काय? मी त्यांच्या मुलीला काही सांगितले नाही; जे सांगावयाचे होते ते त्यांनाच सांगितले. तेच येथे सविस्तर मांडते.

शेवटच्या आक्षेपापासून आरंभ करू, कारण तो सर्वांत जास्त वेळा ऐकू येतो आणि सर्वांत कमी टिकतो. बांधकाम ही बाईची जागा नव्हे, असे आपण म्हणतो. परंतु आपल्या गावात, तालुक्यात, शहरात असे एकही मोठे बांधकाम मी पाहिलेले नाही, जेथे बायका डोक्यावर घमेली वाहत नाहीत. भर उन्हात, तान्ह्या मुलाला सावलीत निजवून, त्या शिडीवरून वर चढतात. त्यांच्याविषयी ही जागा बायकांची नव्हे असे कोणी म्हणत नाही. म्हणजे आपला आक्षेप बाईने बांधकामावर असण्याला नाही; तिने तेथे नकाशा हातात घेऊन उभे राहण्याला आहे. हे एकदा स्वच्छ बोलून टाकले म्हणजे वाद पुष्कळ सोपा होतो.

आता पदवीनंतरची दोन वर्षे कशासाठी, हा खरा प्रश्न. मी कला शाखेची पदवीधर, मला पुलाचे गणित येत नाही. परंतु गोव्यात राहणाऱ्याला एक गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाही. ५ जुलै १९८६ रोजी पणजीचा मांडवीवरील पूल कोसळला. तो पुरा वीस वर्षांचाही झालेला नव्हता. पुढे कित्येक दिवस माणसे फेरीबोटीच्या रांगेत उभी होती. त्या रांगांच्या कथा आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून आम्ही ऐकल्या आहेत. खाऱ्या हवेने काँक्रीटच्या आतील ताणलेल्या पोलादी तारा गंजल्या, हे त्याचे एक मोठे कारण मानले जाते. पदवीचा अभ्यासक्रम स्थूलमानाने पूल कसा बांधावा हे शिकवितो. बांधलेला पूल का पडला, खाडीकाठच्या मऊ चिखलात पाया किती खोल न्यावा, आपल्या खाजन जमिनींचे बांध आणि मानशी भरतीच्या पाण्यापुढे कशा टिकाव्यात, हे प्रश्न विचारण्याची उसंत आणि साधने पदवीनंतर मिळतात. फर्मागुडीच्या आपल्या गोवा अभियांत्रिकी महाविद्यालयात पाया अभियांत्रिकी हा विषय पदव्युत्तर शिक्षणासाठी ठेवलेला आहे, तो काही योगायोगाने नव्हे.

आणि यातच माझ्या मते मुलींच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट आहे. केवळ पदवी घेतलेल्या मुलीला बांधकामावर कोणीही मुकादम, "बाई, तुम्ही कार्यालयात बसा," असे सांगू शकतो आणि बहुधा ती बसते. एखाद्या विषयात खोल उतरलेल्या बाईला मात्र बोलावून न्यावे लागते, कारण तिचे उत्तर दुसऱ्या कोणापाशी नसते.

शकुंतला भगत यांचे उदाहरण पाहा. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधून त्यांनी १९५३ साली स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतली. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी त्यांनी घेतली ती १९६४ साली. दोहोंमध्ये अकरा वर्षांचे अंतर आहे, याकडे पालकांनी अवश्य लक्ष द्यावे. वय वाढते हे खरे, परंतु त्याने बुद्धीला गंज चढत नाही. पुढे त्यांनी मुंबईच्या आय. आय. टी. मध्ये अध्यापन केले आणि पती अनिरुद्ध भगत यांच्यासह 'क्वाड्रिकॉन' ही पूल बांधणारी संस्था काढली. ठराविक मापाचे पोलादी सुटे भाग निरनिराळ्या रीतींनी जोडून लहानमोठे पूल उभारावयाचे, ही त्यांची पद्धत. १९७२ साली हिमाचलातील स्पीती येथे त्या पद्धतीचे दोन छोटे पूल चार महिन्यांत उभे राहिले. डोंगराळ मुलुखात जेथे अवजड तुळया नेणे कठीण, तेथे या सुट्या भागांचे मोल काय असेल, ते नकाशा पाहणाऱ्या कोणाही विद्यार्थ्याच्या ध्यानात येईल.

त्यांचे वडील एस. बी. जोशी हे स्वतः पूलबांधणीतील नामवंत अभियंते होते, हेही सांगितले पाहिजे. ते लपवून उदाहरण देणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्या घरात जेवताना पुलांच्या गोष्टी निघतात, त्या घरातील मुलीची वाट अर्धी मोकळी असते. आपल्या बहुसंख्य मुलींच्या घरी जेवताना निघतात त्या सुपारीच्या आणि नारळाच्या दराच्या गोष्टी. पण त्यामुळे वाट बंद होते असे नाही. प्रा. जी. माधवी लता या आंध्र प्रदेशातील एका खेड्यातून आल्या. १९९२ साली काकिनाड्याहून पदवी, नंतर वरंगळ येथून पदव्युत्तर पदवी, आणि २००० साली मद्रासच्या आय. आय. टी. तून डॉक्टरेट, असा त्यांचा क्रम. विषय जमीन आणि खडक यांच्या बळाचा. जम्मू-काश्मीरमधील चिनाब नदीवरील रेल्वेपूल, जो ६ जून २०२५ रोजी खुला झाला, तो नदीपात्रापासून ३५९ मीटर उंच आहे. परंतु त्याचे सारे वजन ज्या भेगाळलेल्या डोंगरउतारांवर उभे आहे, ते उतार स्थिर कसे राखावेत, याचा सल्ला त्या सुमारे सतरा वर्षे देत होत्या. खोदकाम पुढे जाईल तसतसा खडक आपले खरे रूप दाखवितो, आणि त्यानुसार आराखडा बदलत न्यावा लागतो. हे काम चार वर्षांच्या पुस्तकी तयारीवर होत नाही. पूल खुला झाल्यावर देशभर त्यांचे कौतुक झाले, तेव्हा आपण या कामातील हजारोंपैकी एक आहोत, असेच त्यांनी सांगितले. मला त्यांच्या पदव्यांइतकेच ते वाक्यही आवडले.

याहून जुनी नावेही आहेत. मद्रासच्या गिंडी येथील अभियांत्रिकी महाविद्यालयातून दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ज्या पहिल्या तीन मुली बाहेर पडल्या, त्यांतील पी. के. थ्रेसिया या स्थापत्याच्या. १९७१ साली त्या केरळच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मुख्य अभियंत्या झाल्या. त्या तिघींपैकी ए. ललिता यांच्या प्रमाणपत्रावर छापलेला पुल्लिंगी शब्द खोडून हाताने स्त्रीलिंगी शब्द लिहावा लागला होता. छापखान्याने मुलगी गृहीतच धरली नव्हती! आज प्रमाणपत्रे नीट छापली जातात. गृहीत धरणे घराघरांतून अजून पुष्कळ शिल्लक आहे.

स्थळाच्या प्रश्नाविषयी फार लिहीत नाही. नवऱ्यापेक्षा बायको दोन वर्षे जास्त शिकलेली असू नये, हा नियम कोणत्या ग्रंथात आहे ते मला ठाऊक नाही. खर्चाचा प्रश्न मात्र खरा आहे, आणि त्याबाबत पालकांना पुरेशी माहिती नसते. 'गेट'च्या गुणांवर पदव्युत्तर प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याला दरमहा विद्यावेतन मिळण्याची सोय आहे. त्या परीक्षेचे गुण तीन वर्षे ग्राह्य धरले जातात आणि परीक्षेला वयाची मर्यादा नाही. म्हणजे एखादी मुलगी वर्षभर नोकरी करून किंवा लग्न होऊनही पुढे शिकू शकते. माझ्याकडे आलेल्या गृहस्थांना यातील एकही गोष्ट माहीत नव्हती. निघताना त्यांनी विद्यावेतनाविषयी कागदावर लिहून मागितले. प्रवेशाची पहिली संधी तोवर टळली होती. मुलगी सध्या फोंड्यात एका कंत्राटदाराकडे काम करते आणि गुण अजून ग्राह्य आहेत.

आमच्या नववी-दहावीच्या मुलींना हे सारे दूरचे वाटेल. ते दूरचे नाही. अकरावीला गणित सोडणारी मुलगी अभियांत्रिकीचे दार सोळाव्या वर्षीच स्वतःच्या हाताने लावून घेते, आणि गणित सोडण्याचे कारण बहुधा एवढेच असते की मैत्रिणीने ते सोडले. (आमच्या गणिताच्या गुरुजींना हे वाक्य आवडेल.) मराठी माध्यमामुळे पुढे अडेल, ही भीतीही मी वारंवार ऐकते. पहिले वर्ष जड जाते हे खरे. पण तुळईला माध्यम नसते, आणि बळांची आकृती ज्याला समजली त्याला तिचे इंग्रजी नाव दोन दिवसांत पाठ होते.

शाळेच्या व्यवस्थापनाला एक विनंती करावीशी वाटते. आपली वार्षिक सहल देवळे आणि धबधबे यांना जाते, ती अवश्य जावी. परंतु परवानगी मिळाल्यास एक दिवस नववीच्या मुलींना अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत न्यावे. पंधरा सेंटीमीटरचा काँक्रीटचा ठोकळा अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवून मग यंत्राखाली फोडतात, आणि तो किती भाराला फुटला ते वहीत लिहून घेतात. तेथे एखादी मुलगी यंत्रापाशी उभी असली, तर तिने आमच्या मुलींना तो आकडा स्वतः वाचून दाखवावा.