टेस्ट रिपोर्टवर सही कुणाची?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण ज्यांच्या घरात मीटर आहे त्या सगळ्यांच्या कामाची आहे, म्हणून पूर्ण वाचा.

नवीन घराला वीज घ्यायची तर अर्जाला वायरिंगचा टेस्ट रिपोर्ट जोडावा लागतो, परवानाधारक ठेकेदाराच्या सही-शिक्क्यासह. आता सांगा, तुमच्यापैकी किती जणांच्या घरी तो सही करणारा माणूस आला होता? मी आयटीआय झालेला तारतंत्री. सोळा वर्षं कराड आणि आसपासच्या गावांत घरांचं वायरिंग करतोय, परमिट आहे. पण माझ्या हातच्या एकाही घराच्या रिपोर्टवर माझं नाव नाही. ज्याची सही असते त्याला त्या घराचा रस्तासुद्धा माहीत नसतो. घरमालक दुकानात जातो, पाचशे रुपये देतो आणि सही केलेला फॉर्म घेऊन येतो. घाई असेल तर सातशे.

त्या फॉर्ममध्ये इन्सुलेशन रेझिस्टन्सचा रकाना असतो, अर्थिंगचा असतो. इन्सुलेशन बघायचं म्हणजे ५०० व्होल्टचा मेगर एक मिनिट लावायचा आणि किमान एक मेगाओहम आला पाहिजे. दुकानाच्या काउंटरवर बसून मेगाओहम कसा मोजतात, हे मला कुणीतरी शिकवा. मी पाहिलेल्या रिपोर्टांत आकडे इतके सारखे असतात की सगळ्या गावाला एकाच माणसाने एकाच दिवशी वायर ओढली असं वाटावं.

कायदा काय म्हणतो? केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा नियमांनुसार बल्ब, पंखा, फ्यूज बदलण्यासारखी किरकोळ कामं सोडली तर वायरिंगचं काम परवानाधारक ठेकेदाराने, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या थेट देखरेखीखाली, परमिट असलेल्या तारतंत्रीकडून करून घ्यायचं. म्हणजे ठेकेदार, पर्यवेक्षक आणि तारतंत्री. कागदावर तीन माणसं. जागेवर एकच, तोही बऱ्याचदा परमिट नसलेला, कारण परमिट असलं काय नि नसलं काय, सही विकतच आणायची असते! मग पोरं म्हणतात, दादा, परमिट काढून मिळतं काय? मला उत्तर देता येत नाही.

याचा परिणाम भिंतीच्या आत दिसतो. जुनं काम उघडलं की थ्री पिन सॉकेटमध्ये अर्थची पिन न्यूट्रलला लूप मारलेली सापडते. वायर वाचते, गिऱ्हाइकाला काही कळत नाही. पण ज्या दिवशी मागे कुठे न्यूट्रल तुटेल त्या दिवशी फ्रीजच्या, वॉशिंग मशीनच्या पत्र्यावर थेट करंट येईल. दुसरं, लोक सांगतात, "आमच्याकडं एमसीबी आहे, काळजी नाही." अहो, १६ अँपिअरचा एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. माणसाचा जीव ३० मिलीअँपिअरला, म्हणजे ०.०३ अँपिअरला धोक्यात येतो. माणूस गीझरला चिकटला तरी तो एमसीबी पडायचा नाही. त्यासाठी ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी लागतो आणि तो बसवलाय का, चालतो का, हे कुणीतरी घरी येऊन बघावं लागतं. आपल्या देशात विजेच्या धक्क्याने दरवर्षी दहा हजारांहून जास्त माणसं जातात. अपघात झाला की पोलीस पहिल्यांदा वायरमनला बोलावतात, सही करणाऱ्याला नाही. म्हणजे शाबासकी नाही, नाव नाही, फक्त फौजदारी आमची.

इंग्लंड-वेल्समध्ये यावर एक व्यवस्था आहे. २००५ पासून तिथे घरातल्या वायरिंगची ठराविक कामं, म्हणजे नवीन सर्किट, मेन बोर्ड बदलणं, न्हाणीघरातलं काम, बांधकाम नियमांखाली कळवावी लागतात. सरकारमान्य योजनेत नाव असलेला इलेक्ट्रिशियन आपलं काम स्वतः तपासतो, स्वतः प्रमाणित करतो आणि योजनेमार्फत कळवतो. त्या योजनांपैकी दोन नावं एनआयसीईआयसी आणि नॅपिट. दरवर्षी योजनेचा माणूस येऊन त्याने केलेली कामं प्रत्यक्ष बघतो. काम नियमांना धरून झाल्याचं प्रमाणपत्र घरमालकाच्या हातात पडतं आणि कुठला इलेक्ट्रिशियन नोंदणीकृत आहे हे कुणीही शोधू शकतं. तिथेही सगळं सोवळं नाही. नोंदणी धंद्याची होते, त्यामुळे एका पात्र सुपरवायझरच्या नावाखाली बाकीचे काम करतात, ही तिथल्याच इलेक्ट्रिशियनांची तक्रार आहे. ती खोड आपण उचलायची नाही. आपल्याकडे नोंदणी माणसाची व्हावी.

माझी मागणी मोठी नाही. घरगुती सिंगल फेजच्या कामापुरती, परमिट आणि काही वर्षांचा अनुभव असलेल्या तारतंत्रीला स्वतः टेस्ट करून स्वतः सही करू द्या. त्याआधी मेगर, अर्थ टेस्टर चालवता येतो का याची परीक्षा घ्या, कडक घ्या. दरवर्षी त्याची दोन घरं न सांगता उघडून बघा. खोटा आकडा सापडला तर परमिट काढून घ्या. कारखाना, हाय टेन्शन, मोठ्या इमारती ठेकेदारांकडेच राहू द्यात, त्यावर आमचा डोळा नाही.

काही ठेकेदार मित्र म्हणतील, आयटीआयच्या पोरांना एवढा अधिकार दिला तर अनर्थ होईल. त्यांना नम्रपणे विचारतो, दोन वर्षं कोर्स केलेला, वायर स्वतः ओढलेला माणूस चालत नाही आणि न बघता सही करणारा चालतो, हा कुठला हिशोब? आणि जे ठेकेदार खरंच साइटवर येऊन मेगर लावतात (आहेत, आपल्या तालुक्यात दोघे मला माहीत आहेत) त्यांनी चिडायचं कारण नाही. पाचशेवाल्यांमुळे सगळ्यात जास्त नुकसान त्यांचंच होतंय.

गेल्या चार-पाच वर्षांत ज्यांनी नवीन मीटर घेतलंय त्यांनी कपाटातून टेस्ट रिपोर्ट काढा. सहीखालच्या नंबरला फोन लावा आणि एकच प्रश्न विचारा, आमच्या घराच्या कुठल्या बाजूला अर्थिंगचा खड्डा आहे? काय उत्तर आलं ते खाली कमेंटमध्ये टाका. नाव टाकू नका, फक्त उत्तर टाका. ती उत्तरं जोडून विद्युत निरीक्षकांकडे निवेदन द्यायला मी स्वतः जाणार आहे, बरोबर यायचं असेल त्यांनी मेसेज करा.